आउटर हेब्रिडीज कॅम्परव्हॅनने: आधी बोट, मग मुक्काम, मग रस्ता

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागराच्या तोंडावर, उत्तरेच्या लुइसपासून दक्षिणेच्या बॅरा हेडपर्यंत सुमारे १३० मैल, म्हणजे जवळजवळ २१० किलोमीटर लांबीची बेटांची एक माळ आहे. या बेटांना आउटर हेब्रिडीज किंवा वेस्टर्न आइल्स म्हणतात. कायम वस्ती जेमतेम २६,००० माणसांची. लुइस आणि हॅरिस हे प्रत्यक्षात एकच बेट आहे. नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट आणि एरिस्के कॉजवेंनी, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेल्या रस्त्यांनी, एकमेकांना जोडलेली आहेत. बॅरा आणि व्हॅटरसे ही जोडी दक्षिणेला आहे. व्हॅटरसेचा कॉजवे १९९१ मध्ये, बर्नेरेचा १९९९ मध्ये आणि एरिस्केचा २००१ मध्ये झाला. त्यामुळे आता अवघ्या दोन लहान बोटी मधे घेऊन संपूर्ण माळ गाडीने पार करता येते.

कॅम्परव्हॅन भाड्याने घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात मोकळेपणाची कल्पना असते: निघावेसे वाटले की निघायचे, आवडले तिथे थांबायचे. मुख्य भूमीवर ती बऱ्याच अंशी खरी ठरते, परंतु या बेटांवर बोटीतील जागा, वारा आणि एका गाडीपुरता रस्ता या तीन गोष्टी प्रवाशाच्या आधी निर्णय घेऊन ठेवतात. म्हणून येथील आखणी नेहमीच्या उलट क्रमाने करावी. पहिल्यांदा बोटी ठरवाव्यात, मग त्यांच्या वेळांना जुळणारे मुक्काम, आणि मुक्कामांच्या मधे जे उरेल त्यात पाहायच्या जागा बसवाव्यात. जागांची यादी आधी करणाऱ्यांना जुलै महिन्यात अर्धी यादी खोडावी लागते.

पहिली पायरी: गाडी

गाडीची लांबी हा येथे सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. बोटीचे आरक्षण लांबीवर होते, लांबी वाढली की भाडे वाढते, आणि लांब गाडीसाठी डेकवर जागा मिळण्याची शक्यता कमी होते. सहा मीटरच्या आत बसणारी गाडी दोन माणसांना किंवा लहान मूल असलेल्या कुटुंबाला पुरते. डिलिव्हरी व्हॅनच्या सांगाड्यात बांधलेल्या गाड्या साधारण याच मापाच्या असतात. सात मीटरच्या मोटरहोममध्ये आतली सोय उत्तम असली तरी हॅरिसच्या पूर्व किनाऱ्यावरील वळणांवर तिचे मागचे टोक चालकाच्या डोक्याला ताप होते. लांबी मोजताना मागे लावलेला सायकलींचा स्टँड आणि टो-बार, म्हणजे मागे गाडी जोडण्याचा दांडाही धरावा लागतो. भाड्याच्या गाडीची मापे कंपनीकडून लेखी मागवून घ्यावीत, कारण बंदरावर ती प्रत्यक्ष मोजली जाऊ शकतात.

कारमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बेटामागून बेट अशी फिरती करायची असेल तर ती नेऊ नये. कार आणि कॅरॅव्हॅन मिळून लांबी सहज अकरा-बारा मीटर होते, दोन्ही लहान बोटींवर तेवढी जागा अडवावी लागते, आणि अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की शंभर मीटर उलटे जाण्याचे कौशल्य अंगी असावे लागते. ज्यांना कॅरॅव्हॅनच आवडते त्यांनी एका बेटावरची एक चांगली कॅम्पसाइट निवडावी, कॅरॅव्हॅन तिथे आठवडाभर उभी करावी आणि कारने फिरावे. तशी सहल उलट अधिक निवांत होते.

भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्याला भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये प्रवेश केल्यापासून १२ महिने ३,५०० किलोपर्यंतची, चालकाशिवाय कमाल आठ आसनांची गाडी चालवता येते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र वर्षभरानंतर ब्रिटिश परवाना काढावाच लागतो, आणि भारतीय परवान्याच्या बदल्यात तो आपोआप मिळत नाही. परीक्षा द्यावी लागते. भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्या चालकाचे किमान वय आणि परवाना किमान किती वर्षांचा असावा यांबाबत कायद्यापेक्षा कडक अटी घालतात. त्यांना दोन प्रश्न नेमकेपणे विचारावेत: गाडी बोटीने बेटावर नेण्यास विमा लागू राहतो का, आणि बेटावर गाडी बंद पडल्यास मदत कुठपर्यंत मिळते. आपल्यासारखेच तिथेही डाव्या बाजूने गाडी चालवतात, ही भारतीय चालकाची मोठी सोय.

३,५०० किलो ही मर्यादा भरलेल्या गाडीची आहे, आणि ती वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते. समजा रिकाम्या मोटरहोमचे वजन ३,०५० किलो आहे. चार प्रौढ माणसांचे ३०० किलो आणि पाण्याच्या भरलेल्या टाकीचे १०० किलो धरले की कपडे, भांडी, खुर्च्या आणि किराणा यांच्यासाठी फक्त ५० किलो उरतात. म्हणून पाणी शेवटच्या टप्प्यावर, मुक्कामाजवळ भरावे आणि लांबच्या प्रवासात टाकी पाव भरलेली ठेवावी.

स्वतःची जुनी डिझेल गाडी घेऊन जाणाऱ्यांनी ग्लासगो आणि एडिंबराच्या मध्यवर्ती भागातून जाण्यापूर्वी तेथील कमी-प्रदूषण क्षेत्राचे नियम पाहावेत. ग्लासगोत ते जून २०२३ पासून आणि एडिंबरात जून २०२४ पासून लागू आहेत. साधारणपणे युरो ६ या प्रदूषण-मानकाखालील डिझेल गाडीला तिथे दंड होतो.

दुसरी पायरी: बोट

या मार्गांवरील बोटी कॅलेडोनियन मॅकब्रेन ही संस्था चालवते. बोलीत तिला सगळे कॅलमॅक म्हणतात. मुख्य भूमीवरून येणारे मार्ग असे आहेत. ओबानहून बॅरावरील कॅसलबेला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. मॅलेगहून साउथ यूइस्टवरील लॉखबॉइसडेलला साडेतीन तास, तर अलापूलहून लुइसवरील स्टॉर्नोवेला अडीच ते पावणेतीन तास लागतात. स्काय बेटावरील यूइग बंदरातून हॅरिसचे टार्बर्ट आणि नॉर्थ यूइस्टचे लॉखमॅडी या दोन्ही ठिकाणी पावणेदोन तासांत पोहोचता येते. स्कायला जाण्यासाठी बोट लागत नाही. पूल आहे आणि २००४ पासून त्यावर टोलही नाही. बेटांच्या आपसातल्या बोटी दोन: बॅराचे आर्डमोर ते एरिस्के, ४० मिनिटे, आणि बर्नेरे ते हॅरिसचे लेव्हरबरा, एक तास.

बोटीचे भाडे तेवढ्याच अंतरासाठी रस्त्याने जो खर्च आला असता त्याच्याशी जोडलेले आहे. ही पद्धत २००८ मध्ये याच बेटांवर प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. भाडी उतरली, तशी गाड्यांची गर्दी वाढली. त्याचा परिणाम असा की उन्हाळ्यात पैसे असूनही जागा नसते. मे ते ऑगस्टमध्ये जायचे असेल तर उन्हाळी वेळापत्रकाचे आरक्षण सुरू होताच, म्हणजे काही महिने आधी, सर्व बोटी एकाच वेळी आरक्षित कराव्यात. दोन्ही लहान बोटींनाही आरक्षण लागते, आणि नवखे प्रवासी हमखास विसरतात त्या याच. मोठी बोट मिळाली म्हणून निश्चिंत झालेला माणूस बर्नेरेच्या धक्क्यावर प्रतीक्षा-रांगेत उभा राहतो.

दिशा कोणती घ्यावी? येथील वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून वाहतो, म्हणून सायकलस्वार दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. व्हॅटरसेपासून लुइसच्या उत्तर टोकापर्यंत दहा बेटांवरून जाणारा १८५ मैलांचा सायकलमार्गही याच दिशेने आखलेला आहे. मोटारीला वाऱ्याच्या दिशेने तितका फरक पडत नाही, तरीही मी दक्षिणेकडूनच सुरुवात करण्याचा सल्ला देईन. लांबचा समुद्रप्रवास पहिल्याच दिवशी संपतो. आणि सहलीच्या शेवटी, जेव्हा परतीची घाई असते, तेव्हा स्टॉर्नोवे-अलापूल हा तुलनेने लहान आणि मोठ्या बोटीचा मार्ग वाट्याला येतो.

वाऱ्यामुळे किंवा यांत्रिक बिघाडामुळे बोट रद्द होणे ही येथे नित्याची बाब आहे. कॅलमॅकच्या अ‍ॅपवर प्रत्येक मार्गाची स्थिती दिसते. ती आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी पाहावी. बर्नेरे-लेव्हरबरा बोट खडक आणि वाळूच्या दांड्यांमधून नागमोडी वाट काढत जाते, आणि ओहोटी फार खोल असली की तिच्या वेळा बदलतात. या सर्वांवर एकच उपाय आहे: सहलीत किमान एक मोकळा दिवस ठेवावा, आणि परतीचे विमान शेवटच्या बोटीनंतर दोन रात्री सोडून घ्यावे. अलापूलला उतरून त्याच रात्री ग्लासगोहून मुंबईकडे निघण्याचा बेत कागदावर सुरेख दिसतो, पण करू नये.

बंदरावर साधारण अर्धा ते पाऊण तास आधी हजर व्हावे लागते. नेमकी वेळ तिकिटावर असते. रांगेत लागण्यापूर्वी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, आणि गॅसवर चालणारा फ्रीज असेल तर तोही बंद करावा. बोट चालू असताना वाहनांच्या डेकवर थांबता येत नाही, त्यामुळे औषधे, गरम कपडे आणि खाण्याचे डबे आधीच एका पिशवीत काढून घ्यावेत. हँडब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चोरीविरोधी अलार्म बंद करावा. ओहोटीच्या वेळी उतरणीची फळी तीव्र कोनात असते आणि ज्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे गेलेला आहे तिचे बूड घासते. अशा वेळी अत्यंत सावकाश जावे आणि डेकवरील कर्मचारी हाताने जे सांगतील ते, आपला अंदाज बाजूला ठेवून, तंतोतंत पाळावे.

तिसरी पायरी: मुक्काम

स्कॉटलंडमध्ये कुठेही तंबू ठोकता येतो, असे आपण ऐकलेले असते. त्यातील खरा भाग असा की २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने पायी, सायकलने, घोड्यावरून किंवा होडीने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने वावरण्याचा आणि तिथे तंबूत राहण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. मोटार वाहनांना हा हक्क लागू नाही. दुसरा गैरसमज १९८८ च्या वाहतूक कायद्यातील पंधरा यार्डांचा आहे. रस्त्यापासून १५ यार्डांच्या, म्हणजे सुमारे १४ मीटरच्या आत गाडी केवळ उभी करण्यासाठी नेणे हा त्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या जमिनीवर रात्र काढण्याचा अधिकार मिळत नाही. ज्या जागेला आपण ओसाड माळ समजतो ती येथे बहुधा एखाद्या क्रॉफ्टचा, म्हणजे लहान शेतकऱ्याच्या खंडाच्या शेतीचा, किंवा गावाच्या सामाईक चराईचा भाग असते.

पश्चिम किनाऱ्यालगतची सपाट, हिरवी पट्टी तर विशेष जपायची आहे. तिला माखर म्हणतात. समुद्राने फेकलेल्या शिंपल्यांची भुकटी वाऱ्याने आत येऊन हजारो वर्षांत ही चुनखडीयुक्त जमीन तयार झाली. जून-जुलैमध्ये ती रानफुलांनी भरते, तिथे पाळीपाळीने शेती होते आणि कॉर्नक्रेक नावाचा दुर्मीळ पक्षी तिच्यात घरटे करतो. गवताचा थर पातळ आणि खाली निव्वळ वाळू असल्याने तीन टनांची गाडी एकदा वळवली तरी थर फाटतो आणि पुढच्या हिवाळ्यात वारा तिथूनच वाळू उपसायला लागतो. शिवाय गाडी रुतते. आणि ट्रॅक्टर घेऊन ओढायला येणारा माणूस बहुधा त्याच जमिनीचा मालक असतो.

तेव्हा कॅम्पसाइट आरक्षित करणे हाच सरळ मार्ग. बॅरावर पश्चिम किनाऱ्याला बोर्व्ह, साउथ यूइस्टच्या दक्षिण टोकाला किलब्राइड, बेनबेक्युलावर लिनिक्लेट, नॉर्थ यूइस्टवर बालरानाल्ड, हॅरिसवर होर्गाबोस्ट आणि स्टॉर्नोवेजवळ लॅक्सडेल येथे कॅम्पसाइट आहेत. होर्गाबोस्टची जागा किनाऱ्याला अगदी लागून आहे आणि ती लवकर भरते. हॅरिसवर गावकऱ्यांच्या मालकीचे ट्रस्ट आहेत. त्यांनी काही ठिकाणी शुल्क घेऊन एका रात्रीपुरती गाडी उभी करण्याची सोय केली आहे. तिथे फलकावर लिहिलेले शुल्क न विसरता भरावे, कारण ते पैसे थेट गावाकडे जातात. किनाऱ्यालगतच्या दफनभूमीच्या वाहनतळावर रात्र काढू नये. लस्केंटायरचा विख्यात किनारा दफनभूमीला लागूनच आहे, आणि अंत्ययात्रेला आलेल्या लोकांना मोटरहोमच्या रांगेतून वाट काढावी लागणे यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

टॉयलेटची कॅसेट, म्हणजे गाडीतून काढता येणारी मैल्याची टाकी, फक्त त्यासाठी नेमलेल्या ठिकाणीच रिकामी करावी. सार्वजनिक शौचालयात ती ओतली तर रसायनामुळे तेथील सेप्टिक टाकीतील जिवाणू मरतात आणि अख्ख्या गावाचे एकमेव शौचालय बंद पडते. भांडी धुतलेले सांडपाणीही रस्त्याच्या कडेला सोडू नये. दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री कॅम्पसाइटवर राहिल्यास कॅसेट, सांडपाणी, पिण्याचे पाणी आणि बॅटरी ही चारही कामे एकदम उरकतात.

चौथी पायरी: एका गाडीपुरता रस्ता

मुख्य रस्त्यांचे काही भाग दुपदरी झाले असले तरी बरेचसे रस्ते अजूनही एका गाडीच्या रुंदीचे आहेत आणि त्यांवर ठराविक अंतराने रस्ता थोडा रुंद केलेला असतो. त्या जागेला पासिंग प्लेस म्हणतात. ती डावीकडे असेल तर आत वळून थांबायचे; उजवीकडे असेल तर रस्ता ओलांडून तिच्यात न शिरता तिच्यासमोर, आपल्याच बाजूला थांबायचे, म्हणजे समोरचा त्या जागेतून वळसा घालून जातो. ही जागा फक्त समोरून येणाऱ्यांसाठी नाही. मागून स्थानिक गाडी आली की पुढच्या पासिंग प्लेसला थांबून तिला पुढे जाऊ द्यावे, कारण तो माणूस कामावर निघालेला असतो, क्वचित बोट गाठायला धावत असतो, आणि आपण समुद्र पाहत चाललेलो असतो. पासिंग प्लेसमध्ये फोटोसाठी गाडी उभी करू नये. दोन गाड्या ओलांडताना हात उंचावून आभार मानण्याची रीत आहे. ती जरूर पाळावी.

मेंढ्या रस्त्यावरच झोपतात. मेंढी एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले तर कोकरू आईकडे धावणार हे गृहीत धरून गाडी थांबवावी. कॉजवेवर पाणमांजरांच्या वावराचे फलक असतात. पहाटे आणि संध्याकाळी तिथे वेग कमी ठेवावा.

अंतरे मैलांत आणि फलक गेलिक या स्थानिक भाषेत, हे आधीच डोक्यात ठेवावे. स्टॉर्नोवे फलकावर स्टोर्नोवाग असते, टार्बर्ट अन तारबर्त. एकाच नावाची ठिकाणे अनेक आहेत: यूइग स्कायवर आहे तसे लुइसवरही, टार्बर्ट हॅरिसवर आहे तसे मुख्य भूमीवर किन्टायरलाही, आणि बोर्व्ह तर जवळजवळ प्रत्येक बेटावर. नेव्हिगेशनमध्ये नाव न टाकता पोस्टकोड टाकावा. या बेटांचे सर्व पोस्टकोड एचएस या अक्षरांनी सुरू होतात. नेटवर्क मधेच जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

मोठ्या गाडीने टाळावेत असे दोन रस्ते आहेत. हॅरिसच्या पूर्व किनाऱ्यावरील वळणावळणाचा रस्ता, ज्याला गोल्डन रोड म्हणतात, आणि हुशिनिशला जाणारा बी८८७. दोन्ही अप्रतिम आहेत. सहा मीटरच्या आतल्या गाडीने, सकाळी लवकर, सावकाश जावे. सात मीटरवाल्यांनी पश्चिमेच्या ए८५९ वर समाधान मानावे.

साध्या दुपदरी रस्त्यावर कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या कारला ताशी ५० मैलांची मर्यादा आहे, आणि रिकामे वजन ३,०५० किलोपेक्षा जास्त असलेल्या मोटरहोमलाही तीच लागू होते. मद्याची कायदेशीर मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कमी आहे: १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम. व्हिस्की चाखायची असेल तर गाडी मुक्कामी लावल्यावरच.

वारा, चिलटे आणि स्वयंपाक

उंच गाडीला आडवा वारा जोराने लोटतो. रात्री गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करावी, म्हणजे ती कमी हलते. बाजूचा छज्जा उघडून झोपू नये. दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे, कारण बिजागरीसकट उपटलेली दारे या बेटांवर नवलाची नाहीत. जूनमध्ये सुमारे अठरा तास उजेड असतो, म्हणून खिडक्यांना जाड पडदे हवेत.

मिज नावाची चावरी चिलटे मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत छळतात. ताशी सातेक मैलांपेक्षा अधिक वारा असला की ती उडत नाहीत, त्यामुळे उघड्या पश्चिम किनाऱ्यावर त्रास कमी आणि पूर्वेच्या झाडीत व खाड्यांत जास्त. मुक्काम निवडताना थोडा वारा असलेली जागा बरी, ती याचसाठी.

कॅम्पसाइटवरील विजेची जोडणी बहुधा १० किंवा १६ अँपिअरची असते. १० अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर २,३०० वॅट. इंडक्शन शेगडी आणि हीटर एकत्र लावले की वीज जाते. एका वेळी एकच लावावे. गॅस वाचवायचा तर लहान प्रेशर कुकरइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. खिचडी, वरण-भात, उसळी यांना तो निम्म्याहून कमी वेळ घेतो आणि आत वाफही कमी होते. स्वयंपाक करताना छतावरची खिडकी उघडी ठेवावी, आणि शेगडी कधीही गाडी उबदार करण्यासाठी वापरू नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का, हे गाडी ताब्यात घेतानाच बटण दाबून पाहावे. थंडीत ब्युटेन शून्य अंशाजवळ वायू होणे थांबवते, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये प्रोपेनच घ्यावा.

दक्षिणेकडून उत्तरेकडे: दहा-बारा रात्रींचा आराखडा

ग्लासगोहून ओबान सुमारे शंभर मैल. लोमंड सरोवराकाठचा ए८२ रस्ता टार्बेटच्या पुढे अरुंद आणि खडकाला चिकटून जातो. ट्रक समोर आला तर थांबून वाट द्यावी. या भागातील सरोवरांच्या काही काठांवर १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामाला परवाना लागतो. पहिली रात्र ओबानमध्येच काढावी आणि किराणा तिथे भरावा.

बॅराला दोन रात्री द्याव्यात. बेटाभोवतीचा ए८८८ रस्ता तासाभरात संपतो, पण उत्तरेचा विमानतळ पाहण्यात अर्धा दिवस सहज जातो: येथे नियमित प्रवासी विमाने समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतात आणि वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडकत असेल तर वाळूवर पाऊल ठेवायचे नाही.

४० मिनिटांच्या बोटीने एरिस्केला उतरल्यावर पुढच्या पट्ट्यात घाई करू नये. १७४५ मध्ये ब्रिटिश गादीवर दावा सांगणारा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट स्कॉटलंडमध्ये पहिल्यांदा उतरला तो याच बेटावर, आणि १९४१ मध्ये व्हिस्कीने भरलेले एसएस पॉलिटिशियन हे जहाज याच खडकांवर आदळले. पुढे साउथ यूइस्टमध्ये एकच मुख्य रस्ता उत्तरेला जातो. त्यातून पश्चिमेकडे फुटणारे आडरस्ते माखरवर संपतात. गाडी रस्त्याच्या टोकाच्या खडीवर लावून पुढे चालत जावे. क्लाड हालन येथे कांस्ययुगातील गोल घरांचे अवशेष आहेत. बेनबेक्युलातील बालिव्हॅनिच येथे मधल्या बेटांचे रुग्णालय आहे. नॉर्थ यूइस्टच्या बालरानाल्ड पक्षी अभयारण्यात मे-जूनमध्ये कॉर्नक्रेकचा खरखरीत आवाज रात्रभर येतो. दिसतो मात्र क्वचितच. या साखळीला चार रात्री कमी नाहीत. बर्नेरेचा पश्चिम किनारा पाच किलोमीटर लांब आहे, आणि लेव्हरबराची बोट त्याच बेटाच्या वाटेवरून सुटत असल्याने आदली रात्र जवळपासच असावी.

हॅरिसला दोन-तीन रात्री. लस्केंटायर दुपारी गर्दीचे असते. संध्याकाळी सातनंतर, जेव्हा सूर्य अजून बराच वर असतो, तेव्हा जावे. रोडेलचे सेंट क्लेमेंट्स चर्च लहान आहे, पण आतल्या कोरीव दगडी समाधीसाठी थांबावे. लेव्हरबराहून सेंट किल्डा या दूरच्या, आता कायम वस्ती नसलेल्या बेटाच्या एक दिवसाच्या होडीसफरी निघतात. तिथले शेवटचे ३६ रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडून गेले. हवामानामुळे ही सफर वारंवार पुढे ढकलली जाते, म्हणून आपला मोकळा दिवस हॅरिसमध्येच ठेवणे शहाणपणाचे. हॅरिस ट्वीड हे येथील लोकरी कापड घ्यायचे असल्यास एवढे लक्षात असू द्यावे की १९९३ च्या कायद्यानुसार ते बेटावरील विणकराने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलेच असावे लागते.

टार्बर्ट ते स्टॉर्नोवे ३७ मैल, तासाभराचा चांगला रस्ता. लुइसच्या पश्चिमेला कॅलनिशचे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे उभे दगड, डन कार्लोवेचा दगडी बुरूज आणि गेरेननची ‘काळी घरे’ म्हणवली जाणारी जुनी, गवती छपराची दगडी घरे एकाच दिवसात पाहून होतात. उत्तर टोकावरील दीपगृहापर्यंत गाडी जाते. वारा असेल तर कड्यापासून लांब थांबावे.

लुइस, हॅरिस आणि नॉर्थ यूइस्टवर प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेचा रविवार, म्हणजे कामधंदा न करण्याचा दिवस, अजून बऱ्याच अंशी पाळला जातो. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट २००९ मध्ये सुरू झाली आणि तेथील टेस्को सुपरमार्केट २०२४ मध्ये रविवारी उघडू लागले, तरी बहुतेक दुकाने, उपाहारगृहे आणि पेट्रोल पंप बंदच असतात आणि काही कॅम्पसाइट त्या दिवशी आगमन-निर्गमन स्वीकारत नाहीत. शनिवारी दुपारपर्यंत इंधन, दूध आणि भाजी घेऊन ठेवावी, आणि रविवारी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालू नयेत. दक्षिणेच्या कॅथलिक बेटांवर एवढी बंधने नाहीत. दुकाने तशीही मोजकीच आहेत: को-ऑप या साखळीची किराणा दुकाने कॅसलबे, डॅलिबरा, क्रीगोरी, सोलास आणि स्टॉर्नोवे येथे आहेत. टाकी निम्मी झाली की पुढच्या पंपावर डिझेल भरावे, रिकामी होण्याची वाट पाहू नये.

परतीच्या बोटीआधी लॅक्सडेललाच कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करून घ्यावी. संध्याकाळच्या बोटीने अलापूलला उतरणार असाल तर त्या रात्रीची जागा तिथेच आरक्षित ठेवावी, कारण इन्व्हर्नेसकडे जाणाऱ्या ५७ मैलांच्या वाटेवर अंधार पडल्यावर हरणे रस्त्यावर येतात आणि भरलेली मोटरहोम चटकन थांबत नाही.